आधी पाठ, मग दर्शनी बाजू: बाथच्या मिरवणुकीसाठी शिवलेल्या एका रीजन्सी गाऊनचं प्रकरण

इंग्लंडमधल्या बाथ शहरात 2001 पासून दर सप्टेंबरात कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या नावाचा महोत्सव भरतो. त्यातला सगळ्यांत गर्दीचा कार्यक्रम म्हणजे रीजन्सी काळच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, पोशाखातली मिरवणूक. 2025 हे ऑस्टिनच्या जन्माचं 250वं वर्ष. ब्रिस्टलमध्ये नोकरी करणाऱ्या, मूळच्या पुण्याच्या एका तरुणीने ठरवलं की या वर्षी आपणही त्या मिरवणुकीत चालायचं. मी इथेच राहते, नाटकमंडळींसाठी आणि हौशी लोकांसाठी जुन्या काळचे कपडे शिवते. मे महिन्यात ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत ऑनलाइन मागवलेला एक तयार ड्रेस होता. पांढरा पॉलिएस्टर, पाठीला चेन, छातीखाली इलॅस्टिक, गळ्याला लेस.

"ताई, फोटोत हा अगदी मालिकेतल्यासारखा दिसतो. पण मी घातला की नाइट गाऊनवर बाहेर पडल्यासारखी दिसते. असं का होतं?"

हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे ते या प्रश्नामुळे. रीजन्सी गाऊन करू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला तो पडतो, आणि उत्तर पुढच्या बाजूला, गळ्यात किंवा लेसमध्ये शोधलं जातं. खरं उत्तर गाऊनच्या आत आणि पाठीवर असतं. साधनं निवडतानाही हेच लक्षात ठेवावं लागतं. जे साधन तुम्हाला आतले कपडे आणि पाठीची शिवण दाखवतं ते कामाचं, आणि नुसती दर्शनी बाजू दाखवणारं साधन कितीही सुंदर असलं तरी दुय्यम.

हातात काय होतं

तिच्याकडे शिलाई मशीन होतं. आईकडून ती ब्लाउज शिवायला शिकली होती, त्यामुळे मुंढा, टक्स, अस्तर हे शब्द समजावून सांगावे लागले नाहीत. शनिवार-रविवार मोकळे होते. ती एकटी राहते, म्हणून गाऊन स्वतःचा स्वतःला घालता यायला हवा होता. तो घालून ट्रेनने बाथला जायचं, तासभर चालायचं, खाली बसून चहा प्यायचा, हेही होतंच. रेशीम परवडणार नव्हतं. आजीची एक पांढरी माहेश्वरी साडी होती आणि "तीच कापून करूया का?" असं ती दोनदा म्हणाली. साडीला कात्री लावायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

कोणतं साल?

रीजन्सी हा काटेकोरपणे पाहिला तर नऊ वर्षांचा काळ आहे. राजा तिसरा जॉर्ज राज्य चालवण्याच्या स्थितीत उरला नाही, म्हणून 5 फेब्रुवारी 1811 रोजी त्याचा मुलगा राजप्रतिनिधी, म्हणजे रीजंट, झाला. 29 जानेवारी 1820 रोजी राजा वारला आणि तो काळ संपला. आपल्याकडे याच नऊ वर्षांत, 1818 साली, पेशवाई संपली. कपड्यांच्या बाबतीत मात्र लोक 1795 पासून 1820 च्या पुढेपर्यंतच्या सगळ्यालाच रीजन्सी म्हणतात, आणि घोळ तिथे होतो. 1800 च्या गाऊनचा मागचा घेर जमिनीवर लोळतो. 1810 पर्यंत दिवसाच्या गाऊनचा तो लोळता भाग गेलेला असतो. 1816-17 च्या सुमारास कंबर सगळ्यांत वर चढते आणि घेराच्या खालच्या कडेला झालरी, फुगे, पट्ट्या येऊ लागतात. 1820 नंतर कंबर खाली सरकते. बाजारातला तयार ड्रेस हे सगळं एकत्र कालवतो.

आम्ही 1808 ते 1812 हा टप्पा धरला. त्यामागे दोन कारणं होती. या वर्षांत गाऊन साधा असतो, सगळी करामत कापण्यात असते, वरून काही चिकटवावं लागत नाही. शिवाय पुढून उघडणारा आणि बिब, म्हणजे छातीवर उचलून टाचायचा पुढचा तुकडा, असलेला गाऊन तेव्हा अजून वापरात होता, आणि तो एकटीला घालता येतो. सामाजिक पायरीही ठरवली: गावच्या पाद्र्याची मुलगी, म्हणजे ऑस्टिन स्वतः ज्या घरात वाढली तसं घर. खाऊनपिऊन सुखी, पण दरबारी नाही. हे ठरल्यावर निम्मे प्रश्न आपोआप सुटले.

साधनं, आणि त्यांचा क्रम

तिने आधी मालिका पाहिल्या होत्या, मग व्हिडिओ, मग तयार पॅटर्न, आणि संग्रहालयांकडे ती वळलीच नव्हती. मी हा क्रम उलटा करायला सांगितला.

सुरुवात टिकून राहिलेल्या मूळ कपड्यांपासून. बाथचं फॅशन म्युझियम हाताशी असायला हवं होतं, पण त्याने ऑक्टोबर 2022 मध्ये असेंब्ली रूम्समधली जागा सोडली, त्यामुळे तिथे जाऊन काही पाहणं शक्य नव्हतं. मग लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन म्युझियम यांचे ऑनलाइन संग्रह. मेटने 2017 पासून आपल्या मालकीहक्क संपलेल्या वस्तूंचे फोटो सगळ्यांना मोकळे केले आहेत, आणि बऱ्याच गाऊनचे पुढचे, मागचे, बाजूचे फोटो तिथे मोठे करून पाहता येतात. मी तिला एकच काम दिलं. 1800 ते 1815 मधले सुती गाऊन शोधायचे आणि फक्त मागचे फोटो एका फोल्डरमध्ये साठवायचे, पुढचे फोटो सध्या पाहायचेच नाहीत. पुतळ्यावर चढवलेला गाऊन कधीकधी आत नीट भरलेला नसतो, त्यामुळे पुढची बाजू फसवते. पाठीच्या शिवणी सहसा फसवत नाहीत.

पुढच्या शनिवारी ती फोल्डर घेऊन आली आणि स्वतःच म्हणाली, "ताई, सगळ्यांची पाठ सारखीच आहे की!" खरंच सारखी असते. मध्ये एक अरुंद तुकडा, खाली कमरेशी येता येता दोन-तीन बोटांइतकाच उरलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना मुंढ्यापासून वळत मध्याकडे येणाऱ्या शिवणी. खांद्याची शिवण खांद्यावर नाही, ती मागे पाठीवर उतरलेली. बाह्या इतक्या मागे बसवलेल्या की दोन बाह्यांमध्ये वीतभरच पाठ दिसावी. बाहीच्या चुण्या खांद्याच्या माथ्यावर नसून मागच्या बाजूला. तिच्या तयार ड्रेसची पाठ आजच्या कुठल्याही टॉपसारखी सपाट आणि रुंद होती. नाइट गाऊनचा भास तिथून येत होता.

दुसरं साधन, मूळ कपडे मोजून काढलेले आराखडे. यात जेनेट आर्नल्ड यांचं काम पहिलं. 1964 साली 'पॅटर्न्स ऑफ फॅशन'चा पहिला भाग आला, 1660 ते 1860 मधल्या इंग्लिश स्त्रियांच्या कपड्यांचा. संग्रहालयातला एकेक गाऊन हातात घेऊन, शिवण न उसवता मोजून, चौकटीच्या कागदावर एक-अष्टमांश मापात उतरवलेला. कुठे तुकडा जोडलाय, कुठे अस्तर आहे, कुठे टाचणीने बंद होतं, सगळं बाजूला लिहिलेलं. नोरा वॉ यांचं 1968 मधलं स्त्रियांच्या कपड्यांच्या बेतणीवरचं पुस्तक आणि कॉर्सेट, म्हणजे गाऊनच्या आतली ताठ चोळी, यावरचं 1954 मधलं पुस्तक हे त्याला जोड. इथल्या वाचनालयांतून ही पुस्तकं मागवता येतात. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. हे आराखडे कोणा एका खऱ्या बाईच्या अंगाचे आहेत. ती बाई बहुधा तुमच्यापेक्षा बरीच लहान चणीची असते, म्हणून आराखडा थेट मोठा करून कापडावर ठेवायचा नसतो. त्यातून शिवणींची जागा आणि दिशा घ्यायची, माप आपलं घालायचं.

तिसरं साधन मला सगळ्यांत प्रिय आहे. हॅम्पशर परगण्याच्या संग्रहात एक तपकिरी रेशमी पेलीस आहे, म्हणजे गाऊनवर घालायचा लांब कोट. त्यावर सोनेरी ओकची पानं विणलेली आहेत. घराण्यात तो जेन ऑस्टिनचाच म्हणून पिढ्यान्पिढ्या सांगितला गेला. हिलरी डेव्हिडसन या पोशाख-इतिहासकार बाईंनी त्याची हुबेहूब प्रतिकृती केली आणि 2015 साली त्यावर आराखड्यासह शोधनिबंध लिहिला. कापड आणि बेतणीवरून त्यांनी तो 1812 ते 1814 मधला ठरवला. मापांवरून त्या घालणारीची चण सांगतात: उंची 5 फूट 6 ते 8 इंच, छाती 31 ते 33 इंच, म्हणजे त्या काळच्या मानाने चांगली उंच आणि सडपातळ. हा निबंध नवख्या माणसाने वाचावाच. पुरावा किती, अंदाज किती, आणि शिवताना काय कळलं जे नुसतं पाहून कळलं नसतं, हे त्यात पायरी-पायरीने दिसतं. आमचा गाऊन पेलीस नव्हता, तरी बाहीची लांबी आणि मुंढ्याची जागा ठरवताना तिने तोच आराखडा पुढ्यात ठेवला होता.

मग त्या काळचे कागद. रुडॉल्फ आकरमन यांचं 'रिपॉझिटरी' हे मासिक 1809 ते 1829 चाललं. त्यातली रंगवलेली फॅशनचित्रं सगळीकडे फिरत असतात, पण काही अंकांत कापडाचे खरे तुकडे चिकटवलेले असत हे थोड्यांनाच माहीत असतं. स्कॅन केलेले अंक इंटरनेट आर्काइव्हवर पाहायला मिळतात. फॅशनचित्रांतली बाई अवास्तव लांब असते आणि क्वचितच पाठ दाखवते. रंग, टोपी, हातमोजे, कशावर काय घालायचं यासाठी ती वापरावीत, बेतणीसाठी नाही. त्यापेक्षा डायना स्पर्लिंग या मुलीने 1812 ते 1823 मध्ये काढलेली जलरंगातली घरगुती चित्रं मला अधिक बोलकी वाटतात. भिंतीला कागद चिकटवणाऱ्या, चिखलातून चालणाऱ्या, गाढवावरून पडणाऱ्या बायका. गाऊन खरोखर अंगावर कसा पडतो ते तिथे दिसतं.

कापड किती लागायचं आणि कितीला पडायचं, याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधली बार्बरा जॉन्सन यांची वही अमोल आहे. पाद्र्याच्या घरातल्या या बाईंनी 1746 ते 1823 अशी सत्त्याहत्तर वर्षं आपल्या प्रत्येक नव्या कपड्याचा तुकडा वहीत टाचला आणि शेजारी किती वार, काय भाव, कशासाठी हे लिहून ठेवलं. ऑस्टिनची पत्रं त्याच जातीची. मे 1801 मध्ये बाथहून बहिणीला लिहिलेल्या पत्रात शिवणारीण आपला गाऊन कसा करणार आहे याचं वर्णन ती इतकं नेटकं करते की त्यावरून कापता यावं. 1811 च्या एप्रिलमध्ये ती लंडनच्या दुकानात चौकडीची मलमल सात शिलिंग वाराने घेते आणि बहिणीसाठी साडेतीन शिलिंगवाली रंगीत मलमल दहा वार उचलते. कापड महाग आणि शिलाई त्यामानाने स्वस्त, असा तो काळ होता. म्हणून जुन्या गाऊनमध्ये तुकड्याला तुकडे जोडलेले सर्रास दिसतात, अगदी चांगल्या घरच्याही.

व्हिडिओ आणि आजचे छापील पॅटर्न शेवटी आले. टाका कसा घ्यायचा, भोकाची कड कशी गुंफायची हे व्हिडिओत पुस्तकापेक्षा चांगलं कळतं. त्यासाठी ते पाहावेतच.

आतलं आधी

इथे तिची थोडी निराशा झाली. तिला गाऊन कापायचा होता आणि मी तिला जून महिनाभर गाऊनला हात लावू दिला नाही.

सगळ्यांत आत शिफ्ट, म्हणजे अंगालगत घालायचा सैल कपडा, लिननची. हिची बेतणी आपल्या जुन्या अंगरख्याच्या जवळची आहे: आयत, त्रिकोणी कळ्या, बगलेत चौकोनी तुकडा, कापड जराही वाया नाही. ती एका शनिवारी झाली.

त्यावर कॉर्सेट. त्या काळी याला स्टेज (stays) म्हणत, शोधताना हा शब्द टाकावा. पुढच्या पिढ्यांतल्या कॉर्सेटसारखी ही कंबर आवळत नाही. छाती वर उचलते, दोन बाजूंना वेगळी ठेवते आणि पाठ ताठ करते. कापड साधं, जाड सुती ड्रिल, दोन थर. मध्ये पुढे लाकडी पट्टी खोचायची जागा. छातीशी दोन्हीकडे दोन-दोन त्रिकोणी कळ्या, त्यांची टोकं छातीच्या खाली नेमकी कुठे संपतात यावर सगळं अवलंबून. हाडांऐवजी बरेच ठिकाणी दोन थरांमध्ये सुती दोरी ओवून टीप मारायची. हौशी मंडळी बहुतेक वेळा आखूड कॉर्सेट करतात, कारण ते लवकर होतं. टिकून राहिलेली आणि पुस्तकांत मोजलेली बरीचशी कंबरेखाली जाणारी लांब आहेत. आम्ही लांबच केलं. चालताना, बसताना लांब कॉर्सेट जागचं हलत नाही.

पाठीच्या भोकांवर ती अडून बसली होती. धातूच्या रिंगा ठोकून मोकळं व्हावं, असं तिचं म्हणणं. मी टोचा तिच्या हातात दिला. टोच्याने धागे कापायचे नसतात, हळूहळू बाजूला सारायचे असतात. भोक रुंद झालं की लगेच कडेने रेशमी दोऱ्याने गुंफत जायचं, दर टाक्याला दोरा बाहेरच्या दिशेने ताणायचा. कापडाचे धागे न तुटल्यामुळे ते भोक ओढ सहन करतं, धातूच्या रिंगेसारखं एक दिवस उखडून हातात येत नाही. दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर नसतात, अर्ध्या अंतराने खालीवर असतात, कारण एकच नाडी वरून खाली नागमोडी जाते. तीन-चार भोकांनंतर तिचा हात बसला आणि मग तिने तक्रार केली नाही.

कॉर्सेट घालून आरशासमोर उभी राहिली तेव्हा पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिला मिळालं. छातीखालची रेघ चांगली इंच-दीड इंच वर गेली होती. कॉर्सेटशिवाय घेतलेल्या मापावर गाऊन शिवला तर कंबर तेवढीच खाली येते, आणि रीजन्सी गाऊनमध्ये दीड इंच म्हणजे दहा वर्षांचा फरक पडतो. म्हणून गाऊनची सगळी मापं कॉर्सेटवरून घ्यायची.

मलमल पारदर्शक असते, त्यामुळे मध्ये खांद्याला पट्टे असलेला जाडसर सुती पेटीकोट. तो मशीनवर शिवला.

पाठ

कच्चा नमुना जुन्या चादरीचा. इथे तिचं ब्लाउजचं ज्ञान कामीही आलं आणि आडही. दोन्ही कपडे छातीखाली संपतात, म्हणून तिने ब्लाउजचाच कागद काढला होता. पण ब्लाउजमध्ये छातीचा आकार टक्स किंवा कटोरीने दिला जातो. रीजन्सी गाऊनमध्ये तो आकार कॉर्सेटने आधीच दिलेला असतो, वरचं कापड नाडीने किंवा चुण्यांनी नुसतं त्यावर टेकतं. टक्स काढून टाकल्यावर पुढचा भाग सोपा झाला आणि सगळं लक्ष मागे गेलं.

पहिल्या नमुन्यात पाठ तिला आवळत होती. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्यांचे खांदे पुढे आलेले असतात, आणि ही बेतणी खांदे मागे ओढते. "पाठ थोडी रुंद करूया ना," ती म्हणाली. पाठ रुंद केली असती तर गाऊनचं साल हातातून गेलं असतं. उपाय मुंढ्यात होता. हात पुढे जात नाही तेव्हा माणूस मुंढा मोठा करतो आणि अडचण वाढवून घेतो. मुंढा लहान आणि बगलेत उंच असला की हात वर केला तरी अख्खा गाऊन वर खेचला जात नाही. हे ब्लाउजलाही लागू आहे आणि तिच्या आईनेही तिला ते सांगितलं होतं. मुंढा अर्धा इंच वर घेतला, बाहीचा मागचा घेर वाढवला, चुण्या मागे सरकवल्या. मधला तुकडा होता तेवढाच अरुंद राहिला. हात डोक्यापर्यंत गेला, टोपी बांधता आली.

पुढची रचना बिबची. आत अस्तराच्या दोन पाळ्या छातीवर एकमेकींवर येतात आणि टाचणीने बंद होतात. घागऱ्याचा पुढचा पट्टा दोन्ही बाजूंना वीतभर फाटलेला असतो, त्याला वर एक पट्टी आणि त्या पट्टीला बिब. पाळ्या बंद केल्या की पट्टीच्या नाड्या मागे नेऊन बांधायच्या, बिब वर उचलून खांद्याशी टाचायचं. मागे काहीच उघडत नाही, मदतीला कोणी लागत नाही. टाचण्यांचं तिला आधी भय वाटलं, पण आत कॉर्सेटचे दोन थर असल्यामुळे त्या टोचत नाहीत.

कापड

पांढरी मलमल तिच्या आईने पुण्याहून पाठवली, बंगालच्या हातमागाची, सात मीटर. आधी धुऊन आटवून घेतली.

या कापडाबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण रीजन्सी गाऊनवरच्या बऱ्याच मार्गदर्शनात ते एका ओळीत उरकलं जातं. तो पांढरा, अंगावरून वाहणारा गाऊन ढाक्याच्या आणि बंगालच्या मलमलीशिवाय झाला नसता. ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'तला हेन्री टिल्नी बहिणीसाठी पाच शिलिंग वाराने 'अस्सल हिंदुस्थानी मलमल' घेतल्याचं मिरवून सांगतो. अस्सल म्हणावं लागलं, कारण तोवर नक्कल आली होती. 1779 मध्ये सॅम्युअल क्रॉम्प्टनने सूत कातायचं म्यूल यंत्र काढलं आणि बोल्टन, ग्लासगो, पेसली इथे बारीक मलमल होऊ लागली. 1810 च्या इंग्लिश बाईच्या अंगावरची मलमल त्यामुळे बंगालची असेल किंवा लँकेशायर-स्कॉटलंडचीही असेल. त्या गिरण्यांना लागणारा कापूस वेस्ट इंडीज, ब्राझील आणि अमेरिकेच्या दक्षिणेतून येत होता, गुलामांच्या हातांनी वेचलेला. शालीचीही तीच गत. ऑस्टिनच्याच 'मॅन्सफील्ड पार्क'मधल्या लेडी बर्ट्रमना भाच्याने हिंदुस्थानात जावं असं वाटतं ते आपल्याला शाल मिळावी म्हणून, आणि मग म्हणतात, दोन शाली आणू दे. काश्मिरी शालीच्या कोयरीची नक्कल पेसलीत इतकी झाली की त्या नक्षीला गावाचंच नाव पडलं.

तिने मला एका संध्याकाळी विचारलं, की आपल्यासारखं कोणी तेव्हा इथे होतं तरी का, की मी नुसतीच सोंग आणते आहे? होतं. साके दीन महोमेद यांनी 1810 मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी कॉफी हाउस उघडलं. हैदराबादच्या रेसिडेंटची, म्हणजे तिथल्या ब्रिटिश प्रतिनिधीची, आणि खैरुन्निसा बेगमची मुलगी किटी कर्कपॅट्रिक 1805 मध्ये लहानपणी इंग्लंडला आली आणि इथेच मोठी झाली, म्हणजे 1812 मध्ये ती दहा वर्षांची होती आणि असाच पांढरा फ्रॉक घालत असणार. हे ऐकल्यावर कापडाशी तिचं नातं बदललं असं मला वाटलं. माहेश्वरी साडी तिने परत घडी करून ठेवली, आणि खांद्यावर घ्यायला आईची कोयरीची पश्मिना काढली. लांब, अरुंद शाल 1810 ला अगदी योग्य.

शिवण

सगळंच हाताने शिवायचं का, यावर हौशी लोकांत फार वाद होतात. शिलाई मशीन घरोघरी यायला तेव्हा अजून निदान चाळीस वर्षं होती, म्हणून प्रत्येक टाका हाताचाच असावा असं काहींचं म्हणणं. पहिल्या गाऊनला मी ते ओझं घालत नाही. घागऱ्याच्या लांब उभ्या शिवणी मशीनवर घातल्या. जिथे हाताने शिवल्यामुळे कापड वेगळं पडतं तिथे मात्र हातच: चुण्या, गळ्याची दुमड, पाठीच्या शिवणी आणि खालची कड. मशीनची टीप मलमलीला ताठ करते, आणि पाठीच्या वळणदार शिवणीवर तो ताठपणा लांबून ओळखू येतो.

चुण्यांचं तंत्र तिला फार आवडलं. कडेजवळ धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी, टाके वर-खाली नेमके एकाखाली एक. दोन्ही दोरे ओढले की कापड बारीक नळ्यांत उभं राहतं. सुईच्या टोकाने एकेक नळी खाली ओढून सरळ करायची आणि प्रत्येक नळी एकेका टाक्याने कमरेच्या पट्टीला अडकवायची. घेर अडीच मीटरचा. पुढे जवळजवळ सपाट, बाजूंना थोडा, आणि उरलेला सगळा त्या अरुंद मधल्या तुकड्याखाली, चार बोटांच्या जागेत. मशीनच्या चुण्या इतक्या जागेत मावतच नाहीत, गाठोडं होतं. हाताने घातल्या की तिथून कापड पाण्यासारखं पडतं. खालच्या कडेला तीन बारीक टक घातले, म्हणजे हलकी मलमल वाऱ्याने उडू नये.

गळ्यात घालायला कॉलरची बिनबाह्यांची शेमिझेट, कारण दिवसा गळा उघडा ठेवत नसत. गवती टोपीची कड वाफेवर वाकवून, रिबीन लावून बॉनेट केलं. पायात सपाट बूट, हातात कापडी बटवा.

मिरवणुकीच्या दिवशी

ती घरून एकटीनेच तयार होऊन निघाली. कॉर्सेट तासाभराने अंगाला सरावलं, आणि बसताना खुर्चीच्या पाठीला टेकता येत नाही हे तिला त्रासाचं न वाटता सोयीचं वाटलं. पाठ दुखली नाही. मुंढ्याने दगा दिला नाही. बिबच्या डाव्या टाचणीने चालताना दोनदा मलमल ओढली आणि तिथे दोन धागे सरकले. त्या जागी आता आतून छोटी बटणं आणि दोऱ्याचे फास केले आहेत. मूळ कपड्यांतही टाचण्यांच्या जोडीला असले बंद सापडतात, त्यामुळे काही बिघडत नाही. बाजूच्या फटी वाऱ्यात उघडून पेटीकोट दिसत होता, त्या दोन इंचांनी कमी केल्या. कड मातीने काळी झाली, ती साबणात भिजवून, उन्हात वाळवून पांढरी झाली. सुती कापडाचा हा गुण त्या काळच्या बायकांनाही ठाऊक होता.

मिरवणुकीतले जे फोटो तिला इतरांनी पाठवले त्यांतले बरेच मागून काढलेले आहेत. तयार ड्रेस तिने एका शाळेच्या नाटकाला देऊन टाकला. आता तिला गाऊनवर घालायला स्पेन्सर हवं आहे, कमरेपर्यंतचं छोटं जाकीट, गडद निळ्या लोकरीचं. या वेळी तिने मला काही विचारायच्या आधीच मागच्या बाजूच्या फोटोंचा नवा फोल्डर पाठवला, आणि आर्नल्डचं पुस्तक वाचनालयातून पुन्हा मागवलं आहे. लोकर मलमलीसारखी ओघळत नाही, ती वाफेने वळवावी लागते, म्हणून मुंढ्याचा नमुना आम्ही नव्याने काढतो आहोत.